25 ऑक्टोबर 1924: मतदानाला चार दिवस आणि एक पत्र

शनिवारची सकाळ. ब्रिटनमध्ये मतदान बुधवारी, 29 तारखेला. ‘डेली मेल’ उघडला की मथळा दिसत होता: समाजवाद्यांच्या धन्यांचा यादवी युद्धाचा कट, मॉस्कोचे आपल्याकडच्या लाल मंडळींना आदेश. खाली एक लांबलचक पत्र. तारीख 15 सप्टेंबर, सही ग्रिगोरी झिनोव्हिएव्ह यांची, म्हणजे कॉमिंटर्नच्या, जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्कोतल्या मध्यवर्ती संघटनेच्या अध्यक्षांची. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाला त्यात सांगितलं होतं की रशियाबरोबरच्या करारासाठी कामगारांना उठवा, सैन्यात आपल्या माणसांची केंद्रं तयार करा, पुढच्या लढाईची तयारी ठेवा.

प्रचारातल्या माणसाला हे चित्र पाठ असतं. शेवटच्या आठवड्यात कागद फुटतो, क्लिप फिरते, विरोधक राजीनामा मागतात, आणि ज्याच्यावर आरोप आहे तो कुठल्या तरी सभेच्या वाटेवर असतो. शंभर वर्षांपूर्वीचं प्रकरण निवडण्याचं कारण एवढंच की याची बहुतेक कागदपत्रं आता उघडी आहेत. कुठला कागद कोणत्या दिवशी कुणाच्या टेबलावर होता हे जवळजवळ तारीखवार सांगता येतं. आजच्या प्रकरणांत ती सोय नसते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या प्रकरणात सरकारला पत्राने जेवढं घायाळ केलं, त्याहून जास्त त्याच्या स्वतःच्या परराष्ट्र खात्याच्या शिक्क्याने आणि पंतप्रधानांच्या दोन दिवसांच्या गप्प बसण्याने केलं. आणि निकालाचं खापर पत्रावर फोडायची जी सवय पुढे लागली, तिला मतांचे आकडे फारसे साथ देत नाहीत.

जमीन आधीच ओली होती

रॅम्से मॅकडोनल्ड जानेवारी 1924 मध्ये पंतप्रधान झाले. मजूर पक्षाचं ते पहिलंच सरकार, आणि तेही अल्पमतातलं: 191 जागा, तर कॉन्झर्व्हेटिव्ह 258. लिबरल पक्षाच्या पाठिंब्यावर गाडा चालला होता. मॅकडोनल्डनी परराष्ट्र खातंही स्वतःकडेच ठेवलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच अडतं.

1 फेब्रुवारीला या सरकारने सोव्हिएत रशियाला मान्यता दिली. ऑगस्टमध्ये करार झाले आणि त्यात पुढेमागे कर्जाला हमी देण्याची तजवीज होती. झारच्या काळातलं कर्ज बुडवणाऱ्यांना नवं कर्ज, असा विरोधकांचा सरळ सवाल होता. त्यातच कॅम्पबेल प्रकरण उपटलं. जे. आर. कॅम्पबेल हे ‘वर्कर्स वीकली’ या कम्युनिस्ट पत्राचे हंगामी संपादक. संपकरी कामगारांवर गोळ्या झाडू नका, असं सैनिकांना आवाहन त्या पत्राने 25 जुलैच्या अंकात छापलं. त्यांच्यावर खटला भरला गेला आणि 13 ऑगस्टला सरकारनेच तो मागे घेतला. सरकारवर दबाव कुणाचा होता, या प्रश्नावर 8 ऑक्टोबरला संसदेत सरकार 364 विरुद्ध 198 मतांनी पडलं.

म्हणजे निवडणूकच मुळी ‘हे सरकार लाल मंडळींच्या तालावर नाचतं का?’ या प्रश्नावर लागली होती. शेवटच्या टप्प्यात फुटणारा बॉम्ब नवा संशय क्वचितच निर्माण करतो. लोकांच्या मनात आधीच असलेल्या संशयाला तो हातात धरता येईल असा कागद देतो. हे पत्र इंग्लंडच्या राजाच्या खाजगी खर्चाविषयी असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

गंमत अशी की याच ‘बोल्शेविकधार्जिण्या’ सरकारच्या काळात, मे 1924 मध्ये, भारतातल्या कम्युनिस्टांवरच्या कानपूर कटाच्या खटल्यात श्रीपाद अमृत डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांना चार-चार वर्षांची सक्तमजुरी झाली होती. लंडनच्या प्रचारसभांत याची आठवण कुणाला असायचं कारण नव्हतं. (डांग्यांच्या नावावरची, 1924 सालची म्हणून सांगितलेली पत्रं मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने 1964 मध्ये छापली. डांग्यांनी ती बनावट ठरवली, आणि त्याच वर्षी भारतीय कम्युनिस्ट पक्ष फुटला. जुन्या तारखेचं पत्र आणि नव्या लढाईची वेळ यांचं सख्य जुनंच.)

कागदाचा प्रवास

पत्राचा इंग्रजी मजकूर ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या लाटव्हियातल्या रिगा इथल्या ठाण्यातून 2 ऑक्टोबरला निघाला आणि 9 तारखेला लंडनला पोचला. दुसऱ्या दिवशी तो परराष्ट्र खात्यात आला. सोबत शेरा होता की कागद खरा आहे. याला मॉस्कोतल्या हस्तकाकडून दुजोरा मिळाल्याचंही पुढे सांगण्यात आलं. मूळ पत्र मात्र कुणाकडेच नव्हतं. जे होतं ती नक्कल, तीही भाषांतर.

खात्याचे सर्वात वरिष्ठ अधिकारी सर आयर क्रो. माणूस कडक, कामाला वाघ, आणि बोल्शेविकांबद्दल मनात काडीचं प्रेम नसलेला. सोव्हिएत दूतावासाकडे कडक निषेध नोंदवावा आणि पत्र जाहीर करावं, असं त्यांचं मत पडलं. कागद मॅकडोनल्डकडे गेला. ते प्रचारदौऱ्यावर होते. 16 ऑक्टोबरला त्यांनी तो पाहिला आणि लिहिलं ते अगदी योग्य होतं: पत्र खरं आहे की नाही याची नीट खातरजमा करा, खरं असेल तर लगेच प्रसिद्ध करावं लागेल, दरम्यान निषेधपत्राचा मसुदा तयार ठेवा.

या सूचनेत दोन कामं होती. दुसरं काम झालं. पहिलं झालं असं सगळ्यांनी गृहीत धरलं, कारण गुप्तहेर खात्याने ‘खरं आहे’ म्हटलं होतं. ज्याने कागद आणला त्यालाच ‘खरा आहे ना?’ विचारायचं आणि तो ‘हो’ म्हणाला की पडताळणी झाली म्हणायची, हा प्रकार कुठल्याही कार्यालयात काम केलेल्याला ओळखीचा वाटेल.

मसुदा मॅकडोनल्डच्या मागे मागे त्यांच्या वेल्समधल्या ॲबेरॅव्हन मतदारसंघात पोचला. त्यांनी तो बसून जवळजवळ नव्याने लिहिला, भाषा आणखी धारदार केली, आणि परत पाठवला. 24 ऑक्टोबरला, शुक्रवारी, तो लंडनला आला. त्यावर लघुस्वाक्षरी नव्हती.

या सगळ्या प्रकरणातली मला सर्वात बोलकी वाटणारी जागा हीच. मॅकडोनल्डच्या मते लघुस्वाक्षरी नाही म्हणजे मसुदा अजून कच्चा आहे. पत्र खरं ठरल्याची खात्री करून मला पुन्हा दाखवा. क्रो यांच्या मते मंत्र्याने स्वतःच्या हाताने इतकं लिहिलंय म्हणजे त्याला ते मान्य आहे. तपासाचं काय ते आम्ही पाहिलंच आहे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. दोघांत अंतर होतं ते लंडन ते ॲबेरॅव्हन एवढं, आणि पंतप्रधान नि परराष्ट्रमंत्री एकच माणूस असल्यामुळे मध्ये विचारायला दुसरं कुणी नव्हतं. परराष्ट्रमंत्री निराळा असता आणि लंडनमध्ये बसलेला असता, तर पाच मिनिटांत प्रश्न सुटला असता.

तेवढ्यात क्रो यांना कळलं की ‘डेली मेल’कडे पत्राची नक्कल आहे आणि ते उद्याच छापणार आहेत. आता पेच खरा होता. वर्तमानपत्राने आधी छापलं तर सरकारने पंधरा दिवस कागद दाबून ठेवला असा गवगवा होणार. तेव्हा त्याच दिवशी निषेधपत्र सोव्हिएत दूत ख्रिश्चन राकोव्स्की यांच्याकडे रवाना झालं आणि पत्रासकट सगळ्या वर्तमानपत्रांना दिलं गेलं. मंत्री गैरहजर म्हणून सही केली जे. डी. ग्रेगरी या अधिकाऱ्याने.

क्रो यांचा हेतू सरकारला वाचवायचा होता. झालं उलटंच. ‘डेली मेल’ एकट्याने छापलं असतं तर निम्म्या देशाने ‘हे तर विरोधकांचं पत्र’ म्हणून मान झटकली असती. आता शनिवारी सकाळी ते पत्र सगळ्याच वर्तमानपत्रांत होतं, आणि शेजारी मजूर सरकारच्याच परराष्ट्र खात्याचा निषेध. सरकार ज्याचा निषेध करतं ते खोटं कसं असेल? बनावट कागदाला शिक्का मिळाला तो असा.

शनिवार, रविवार, सोमवार

राकोव्स्कींनी त्याच दिवशी उत्तर दिलं, आणि ते मुद्देसूद होतं. पत्राच्या शीर्षावर ‘तिसरं कम्युनिस्ट इंटरनॅशनल’ असं नाव आहे. संघटना स्वतःला असं कधीच म्हणवत नाही, कारण पहिलं आणि दुसरं ‘कम्युनिस्ट’ इंटरनॅशनल मुळात नव्हतंच. झिनोव्हिएव्ह यांचं पदही सहीखाली चुकीचं. पुढे झिनोव्हिएव्ह यांनीही हात झटकले आणि आपण तेव्हा मॉस्कोत नव्हतोच, असं सांगितलं. पण निवडणुकीच्या चार दिवस आधी ब्रिटिश मतदाराने झिनोव्हिएव्हच्या शब्दावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच विनोदी. खुलासा बरोबर होता, खुलासा करणारा चुकीचा होता.

ज्याने बोलायला हवं होतं तो बोलला नाही. मॅकडोनल्ड शनिवारी बोलले नाहीत, रविवारीही नाहीत. ते वेल्समध्येच होते, सभा चालू होत्या, वार्ताहर मागे होते. दरम्यान त्यांच्या मंत्रिमंडळातले लोक जागोजागी आपापल्या बुद्धीने उत्तरं देत होते. कुणी पत्र खोटं म्हणत होता, तर कुणी आपलं सरकार बोल्शेविकांना किती खंबीरपणे ठणकावतं ते पाहा म्हणून निषेधपत्राचं श्रेय घेत होता. दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नव्हतं, आणि ऐकणाऱ्याला तेवढं कळत होतं.

मॅकडोनल्ड का गप्प होते? आपल्याच अधिकाऱ्यांनी आपल्याला न विचारता सही केली, असं जाहीर म्हणायचं तर खातं आपल्या ताब्यात नाही ही कबुली. पत्र खोटं म्हणायचं, तर आपल्याच हाताने धारदार केलेल्या निषेधपत्राचं काय करायचं? खरं म्हणायचं, तर रशियाशी करार कशाला केला? तिन्ही दारं बंद. त्यात लंडनहून नेमकं काय झालं याचा तपशील यायला वेळ लागला. हे सगळं समजून घेतलं तरी माझ्या मते शनिवारी संध्याकाळी दोन वाक्यं म्हणता आली असती: हा कागद तपासायला मी 16 तारखेला सांगितलं होतं, तो तपास पूर्ण झाल्याचं मला कुणी कळवलेलं नाही. दोन्ही वाक्यं खरी होती. त्यात कुणावर आरोपही नव्हता.

सोमवारी, 27 तारखेला, कार्डिफच्या सभेत ते अखेर बोलले. सगळा घटनाक्रम तारखांनिशी सांगितला. अधिकाऱ्यांनी सद्भावनेने काम केलं असं म्हणून त्यांना पाठीशीही घातलं. आणि शेवटी म्हणाले की माझ्यासारख्या साध्यासुध्या माणसाने दोन अधिक दोन केले तर हा सगळा राजकीय डाव असल्याचा संशय, मी निष्कर्ष म्हणत नाही, पण संशय तरी कसा टाळायचा? भाषण वाचलं तर गुंतागुंतीचं आहे. प्रामाणिक आहे, म्हणूनच गुंतागुंतीचं आहे. मथळा दोन ओळींचा होता, खुलासा तासाभराचा. गर्दीने त्यातून काय उचललं असेल याची कल्पना करा.

रेडिओही मदतीला नव्हता. ब्रिटनमध्ये निवडणुकीत रेडिओवर भाषणं पहिल्यांदा झाली ती याच वेळी, पण तिन्ही पक्षांच्या नेत्यांची एकेक पाळी ऑक्टोबरच्या मध्यालाच उरकली होती.

इथे आपल्याकडच्या कायद्याशी ताडून पाहायचा मोह होतो. लोकप्रतिनिधी कायद्याचं 126 वं कलम मतदान संपण्याआधीचे 48 तास जाहीर प्रचार थांबवतं. शेवटच्या क्षणी राळ उडू नये, मतदाराला शांतपणे विचार करता यावा, हा हेतू. 1924 ला हा नियम लावला तर कार्डिफचं भाषण जेमतेम मुदतीत बसलं असतं आणि मंगळवारचे सगळे खुलासे बेकायदा ठरले असते. शांततेचा काळ आरोपाला जसा अडवतो तसा उत्तरालाही अडवतो. बॉम्ब त्याच्या आदल्या संध्याकाळी फोडला की काम फत्ते. फ्रान्सच्या निवडणूक कायद्यात यावर निदान एक सरळ तरतूद आहे: प्रतिस्पर्ध्याला प्रचार संपण्याआधी उत्तर देता येणार नाही अशा वेळी उमेदवाराने वादाचा नवा मुद्दा बाहेर काढायचा नाही. पाळली किती जाते हा भाग वेगळा, पण कायद्याने बोट ठेवलंय ते नेमक्या जागी.

निकाल आणि आकडे

कॉन्झर्व्हेटिव्ह 412. मजूर पक्ष 191 वरून 151 वर. लिबरल 158 वरून थेट 40 वर. मजूर पक्षात लगेच एकमत झालं की पत्राने घात केला. पुढच्या कित्येक वर्षांत पक्षाच्या घरगुती इतिहासात ‘झिनोव्हिएव्ह पत्र’ हा दगाफटक्याचा समानार्थी शब्द होऊन बसला.

आता मतं पाहू. 1923 मध्ये मजूर पक्षाला सुमारे 44 लाख मतं पडली होती. 1924 मध्ये, पत्र फुटल्यानंतर, 55 लाखांच्या आसपास. म्हणजे दहा लाखांनी वाढ, आणि टक्केवारीही 31 वरून 33 वर. घात झालेल्या पक्षाची मतं अशी वाढत नाहीत. लिबरलांची मतं मात्र 43 लाखांवरून 29 लाखांवर घसरली. पैशाअभावी त्यांनी उमेदवारच सुमारे 340 उभे केले होते. आदल्या वर्षी साडेचारशेच्या वर होते. ज्या जागी आदल्या वेळी तिरंगी लढत होती तिथे ती दुरंगी झाली आणि लिबरल मतदार बहुतांशी कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराकडे वळला.

त्यातले किती पत्र वाचून घाबरून वळले आणि किती एरवीही वळलेच असते, हे आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. मतदान 71 टक्क्यांवरून 77 टक्क्यांवर गेलं, त्यात भीतीचाही वाटा असणार. पण लिबरलांनी पाडलेलं सरकार, रिकामी तिजोरी आणि कमी उमेदवार ही गणितं पत्र रिगाहून लंडनला पोचलं तेव्हाच जवळपास ठरली होती. मजूर पक्ष पत्राशिवायही हरला असता असं बहुतेक इतिहासकार मानतात, आणि मला ते पटतं. पक्षाला मात्र पत्राचं कारण सोयीचं होतं. कॅम्पबेल प्रकरण कसं हाताळलं, करार लोकांना का समजावता आला नाही, असले नावडते प्रश्न त्यामुळे आपोआप मागे पडले.

मग पत्र लिहिलं कुणी?

मॅकडोनल्डनी जाता जाता मंत्रिमंडळाची एक समिती नेमली. मूळ कागद समोर नसल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही, असं ती 4 नोव्हेंबरला म्हणाली. त्याच दिवशी सरकारने राजीनामा दिला. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते बाल्डविन यांच्या नव्या सरकारनेही समिती नेमली. तिने त्याच महिन्यात, तोच कागद पाहून, पत्र निःसंशय खरं असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. पुरावा तोच, सरकार दुसरं.

1928 मध्ये ग्रेगरी परकी चलनाच्या सट्ट्यापायी नोकरीतून बडतर्फ झाला आणि प्रकरण पुन्हा उकरलं गेलं. डोनाल्ड इम थर्न नावाच्या, पूर्वी गुप्तचर खात्यात असलेल्या एका गृहस्थाची रोजनिशी पुढे कधीतरी बाहेर आली. हे पत्र बाहेर फुटावं म्हणून आपण ऑक्टोबरभर कशा खेपा घातल्या याच्या नोंदी तिच्यात होत्या. पत्र फुटलं कुठून, हा प्रश्न तसा अवघड नव्हताच. उत्तरंच फार होती. मतदानाआधीच्या आठवड्यात नकला लष्करी अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या होत्या. गुप्तचर खात्यातल्या अनेकांचं कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातल्या लोकांशी उठणंबसणं होतं. त्यातला जोसेफ बॉल तर पुढे पक्षाच्याच कार्यालयात गेला. इतक्या हातांतून फिरलेला कागद फुटला नसता तरच नवल. 1966 मध्ये एका निर्वासित रशियन गृहस्थाच्या विधवेने सांगितलं की नवऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी ते बर्लिनमध्ये बनवलं.

1998 मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी खात्याच्या इतिहासकार गिल बेनेट यांना सगळी दप्तरं उघडून दिली. गुप्तहेर खात्याची, आणि मॉस्कोचीही. 1999 च्या त्यांच्या अहवालाचा कल असा: पत्र जवळजवळ नक्कीच बनावट, बोल्शेविकविरोधी रशियन निर्वासितांच्या गोतावळ्यातून आलेलं, ते गुप्तचर खात्याशी संबंध असलेल्या कुणीतरी कॉन्झर्व्हेटिव्हांच्या हाती दिलं असावं, मात्र खात्याने संस्था म्हणून कट केल्याचा पुरावा नाही. नाव घेऊन बोट दाखवता येईल असा एकही माणूस नाही.

मॉस्कोच्या दप्तरांतही मूळ पत्र मिळालं नाही. नोव्हेंबर 1924 मध्ये ब्रिटिश कामगार संघटनांचं एक शिष्टमंडळ तिथे जाऊन कॉमिंटर्नच्या वह्या चाळून आलं होतं. त्यांनाही ते मिळालं नव्हतं. तेव्हा त्यांचं कुणी ऐकलं नाही. निवडणूक होऊन गेली होती.